आईच्या पायाचा साचा

आईचे बूट पायात घालूनच धाकटी तपासणीचा निकाल ऐकायला दवाखान्यात आली, आणि ते पाहून थोरलीचं पित्त खवळलं.

"आज हेच सापडले का गं तुला?"

"चालायला बरे पडतात, ताई. तूच तर केलेस."

तेच तर दुखणं होतं. बूट बनवायचं दुकान थोरलीचं. मधुमेहानं आईच्या पायाला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा तिनं त्या पायांचा लाकडी साचा करून घेतला आणि त्यावर हे मऊ बूट बेतले. पट्ट्या बदलल्या तिनं, जागरणं काढली तिनं, आणि जाता जाता आई काय म्हणाली, तर "बूट धाकटीला दे, तिला बरोबर होतील." झालेही. नाक आईचं, आवाज आईचा, पाऊलसुद्धा आईचंच. थोरली आत्याच्या वळणावर गेलेली, फताड्या पायांची.

गिऱ्हाईक वारलं की त्याचा साचा तासून दुसऱ्याच्या मापाचा करायचा, ही दुकानाची रीत. आईचा साचा तिनं तासला नव्हता. गेल्या आठवड्यात मात्र दार लावून घेऊन तिनं त्यावर कातड्याचे तुकडे ठोकले आणि तो स्वतःच्या पायाएवढा फुगवला. आईच्या साच्यावरचे बूट आता तीही घालणार होती! साच्याची पार रया गेली, आणि तिचं मन काही भरलं नाही.

मामाच्या रक्तात एक बिघडलेलं जनुक सापडलं होतं. घराण्यातला मधुमेह त्यातूनच उतरत आलेला. म्हणून या दोघींनीही रक्त दिलं होतं. बाकावर बसल्या बसल्या थोरलीच्या मनात आलं, आईचं सगळं घेतलंस ना, आता हेही घे. तिनं तो विचार झटकला नाही. उलट त्याच्यासोबत निवांत बसून राहिली.

"तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "तुमच्यात आहे. आज साखर ठीक आहे, पण पुढं वाढायची शक्यता बरीच. वेळेवर कळलंय, सांभाळता येईल. पायांना जपायचं."

"बघ ताई," धाकटी हसली, "आईचं सगळं मलाच म्हणतेस ना तू!" हसता हसता तिचा आवाज चिरकला. जखम धुताना आईचा चिरकायचा, अगदी तसा.

थोरलीनं धाकटीचा हात धरला. तो न सोडताच ती उठली.

दोघी दुकानात आल्या. थोरलीनं तिला स्टुलावर बसवलं, बूट काढून तळ पाहिले. पार झिजलेले.

"हे टाक आता. नवे करते."

धाकटीनं पाय पुढं केला. "घे माप."

"माप आहे माझ्याकडे."

फडताळातून साचा निघाला, तशी धाकटी बघतच राहिली. "अगं, आईचाच ना हा? काय झालंय त्याला?"

"मी केलंय."

थोरली पकड घेऊन खाली बसली. एकेक खिळा उपटला, एकेक तुकडा सोडवला. शेवटी आईचं पाऊल मोकळं झालं, सगळीकडे भोकं पडलेलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि मऊ कातड्याची गुंडाळी ओढली.

"पाय वर घे," ती म्हणाली, "फरशी गार आहे."