ऑर्केस्ट्राच्या पडद्यावरचा रेडिओ

खरी कला निसर्गातूनच जन्मते, असं आर्वीचा प्रेमदास पेंटर सांगायचा. १९८४ साली मात्र ती त्याच्या बायकोच्या माहेरून आलेल्या जुन्या रेडिओतून जन्मली. गावातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक ऑर्केस्ट्राचा स्टेजमागचा पडदा त्याला रंगवायला मिळाला होता. तो जमला तर दुकानांच्या पाट्या रंगवणं सुटणार होतं. त्यानं पडदाभर रेडिओची उजळ पिवळी काच, लाल काटा आणि दोन गोल बटणं काढली. खाली पाट्यांच्या सवयीनं स्वतःचं नाव आणि पत्ताही टाकला.

“कॅसिओ काऊन नाई काढला बे?” ऑर्केस्ट्रावाल्या नत्थूजींनी विचारलं.

“तो तं स्टेजवर दिसनच, नत्थूजी.”

नत्थूजींनी मान डोलावली. “टांग मंग.”

पडद्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमदासच्या दारात रांग लागली. सगळे बंद पडलेले रेडिओ घेऊन आले होते.