अर्धी गोळी

ताईने आपली एक किडनी धाकट्या भावाला, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला, दिली होती. तेव्हापासून त्याने त्या किडनीची जितकी काळजी घेतली, तितकी उरलेल्या सगळ्या देहाची मिळून घेतली नव्हती. पाणी वेळेवर, मीठ बेताचं, आणि गोळी तर घड्याळाच्या ठोक्याला. शरीराने परका अवयव ओळखून त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून ती गोळी होती. तिने अंगातली प्रतिकारशक्तीच गुंगीत ठेवली होती.

म्हणूनच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की जुन्या पुस्तकांजवळ मास्कशिवाय फिरकायचं नाही. बाइंडर मास्क लावायचा, नाही असं नाही. पण तळघरात पाणी शिरलेल्या एका वाचनालयाची पुस्तकं दुरुस्तीला आली आणि जन्माची खोड नडली. भिजलेल्या पुस्तकावरची बुरशी मेलीय की अजून जिवंत आहे, हे तो नाकानेच ठरवायचा. पुस्तक उघडायचं, मास्क हनुवटीवर ओढायचा, शिवणीत नाक खुपसून वास घ्यायचा, मास्क पुन्हा वर. हे सगळं इतक्या शिस्तीत, की बघणाऱ्याला कौतुक वाटावं.

थोड्याच दिवसांत खोकला सुरू झाला, मग ताप आला, आणि छातीच्या फोटोत एक पांढरा डाग दिसला.

"बुरशीच आहे," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. मीही घेते. पण आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना आल्या आल्या गिळून टाकतात. तुमच्या पेशींना आम्ही झोपवलंय. बुरशीवर औषध देतेच, पण त्यांनाही थोडं जागं करायला हवं. शिवाय या नव्या औषधाने तुमच्या जुन्या गोळीचा जोर अंगात वाढतो. म्हणून ती आजपासून अर्धीच घ्यायची."

"आणि जाग्या झालेल्या पेशी ताईच्या किडनीवर गेल्या तर?"

"धोका आहे. आपण लक्ष ठेवू."

बाइंडरने शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन अख्खी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही अख्खीच. छातीतला डाग वाढला तर वाढो, ताईच्या कुशीवरचा तो लांब व्रण त्याला फुकट जाऊ द्यायचा नव्हता. याचा त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पुढच्या तपासणीला ताई सोबत आली होती. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. किडनीचं काम मंदावलं होतं.

"रक्तात औषध हवं त्याच्या दुप्पट आहे. गोळी किती घेता?"

बाइंडर छताचा पंखा बघू लागला.

"अख्खी," शेवटी तो पुटपुटला. "किडनी वाचावी म्हणून."

"अहो, त्या गोळीचा जोर प्रमाणाबाहेर गेला की तीच किडनीला मारते! आणि वर बुरशीला रान मोकळं."

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ताई मात्र उसळली.

"अरे गाढवा, किडनी काय मी तुला जपून ठेवायला दिली होती? जगायला दिली होती!"

"पण ताई, तुझी—"

"माझी कसली? दिली तेव्हाच ती तुझी झाली. तुझं अंग एक वेळ तिला आपली म्हणेल, तूच म्हणेनास!"

त्याच संध्याकाळी ताई बॅग घेऊन त्याच्याकडे राहायला आली. रोज समोर बसून ती गोळीचे दोन तुकडे करायची आणि अर्धी त्याच्या तळहातावर ठेवायची. ती गिळताना आपण ताईशी बेइमानी करतोय असं त्याला वाटायचं. दिवसभर तो तिला लघवीचा हिशोब सांगत राहायचा. "आता फक्त शेजाऱ्यांना सांगायचं राहिलंय," ती म्हणायची. पण तो झोपला की तीही दाराशी उभी राहून त्याचा श्वास ऐकायची. भीती तिलाही होतीच.

पुढच्या फोटोत डाग निम्म्याने आटला होता. किडनीही पुन्हा मार्गाला लागली होती.

"औषधाने काम केलंच," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, "पण तुमच्या पेशीही कामाला लागल्यात. आणि किडनीला त्यांनी धक्का लावलेला नाही."

"कधीच लावणार नाहीत?"

"ते मी कसं सांगू? आज लावलेला नाही, एवढं खरं."

बाहेर आल्यावर बाइंडर पायऱ्यांवरच थांबला.

"ताई, उद्या ती बंद पडलीच तर?"

"तर पडली. चार दिवस रडेन, आणि मग तुझ्यासाठी दुसरी शोधायला लागेन." ताईने त्याचा दंड धरला. "तूच गेलास तर काय शोधू?"

बाइंडर तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. येणारे-जाणारे थबकून बघत होते. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रत्येकाला सांगत होती, "काही नाही हो, बरा होतोय तो."