मुसफ्फाची लाल गुझी

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हटल्यावर लगेच 'अरेरे' करू नका. वय सत्तरीच्या पुढे असलं तरी तब्येत खणखणीत आहे, आणि स्वभाव तर विचारूच नका. माझं आडनाव गुझी, नाव फाल्कोने. रंग लालभडक. मुक्काम मुसफ्फा, अबू धाबी. आमच्या गल्लीत सकाळपासून ग्राइंडर ओरडतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि समोरून लांबलचक ट्रेलर जातात. मला हा गोंगाट आवडतो, कारण मीही कारखान्यातच जन्मले.

तो कारखाना इटलीत, कोमो नावाच्या मोठ्या सरोवराकाठी, मांदेल्लो गावात. त्याची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात विमानदलात तीन दोस्त होते. युद्ध संपलं की मिळून मोटरसायकली बनवायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. युद्ध संपलं आणि थोड्याच दिवसांत त्यातला एक विमान कोसळून गेला. उरलेल्या दोघांनी हाय खाल्ली नाही. कारखाना काढलाच, आणि मित्राची आठवण म्हणून पंख पसरलेला गरुड ही खूण घेतली. तो गरुड माझ्या टाकीवर आजही आहे.

आमची इटलीतली भावकी मोठी, आणि एकेक जण महाहट्टी. डुकाटीवाले आधी रेडिओचे भाग बनवत. अगुस्तावाले विमानं बनवत; दुसऱ्या युद्धानंतर विमानांवर बंदी आली, तर म्हणाले, बरं, मग दुचाकी बनवू. लाव्हेर्दांचा धंदा शेतीच्या यंत्रांचा. आणि पेझारोच्या बेनेल्लीबाई तर धन्यच! नवरा वारलेला, पदरात सहा मुलगे. पोरं रिकामी भटकू नयेत म्हणून बाईंनी होतं नव्हतं ते घालून त्यांना गॅरेज काढून दिलं. त्याच गॅरेजातून पुढे एकाहून एक मोटरसायकली निघाल्या. हरायचं नाही, हे आमच्याकडे असं घरातूनच आलेलं आहे.

माझ्या अंगात एकच मोठा सिलिंडर, तोही आडवा झोपलेला. डाव्या बाजूला भलंमोठं लोखंडी चक्र आहे, आणि ते उघडं आहे. वर झाकण नाही, काही नाही. इंजिन चाललं की ते गरगर फिरतं. इटलीतले लोक गमतीनं म्हणायचे, ही गाडी म्हणजे दुकानातलं मटण कापायचं यंत्रच. गंमत गंमत म्हणून ठीक आहे, पण त्या चक्राजवळ बोट न्यायचं काम नाही.

माझा पहिला मालक गुरांचा डॉक्टर होता. डोंगरातल्या गावागावांतून त्याला गाई तपासायला जायचं असे आणि मी थंडीवाऱ्यात त्याला वेळेवर पोचवत असे. लोक आधी मला ओळखत आणि मग त्याला! पुढे त्याचा मुलगा तेलकंपनीत इंजिनिअर झाला आणि मला बोटीत घालून अबू धाबीला घेऊन आला. काही वर्षं मजेत गेली. मग त्याची नोकरी संपली, तो विमानानं परतला आणि मी एका भंगाराच्या आवारात ताडपत्रीखाली राहिले. किती उन्हाळे गेले, मोजले नाहीत. वाळू माझ्या नाकातोंडात गेली. माझं खोगीर उंदरांनी खाल्लं. कुणी माझ्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या. त्या दिवसांत मला फार रडू यायचं, पण आमच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, गंज येतो.

तिथून मला श्रीनाथनं उचललं. श्रीनाथ सांगलीचा. मुसफ्फात त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, रत्नागिरीच्या नूरुद्दीनभाईंच्या भागीदारीत. श्रीनाथची मुलगी अंतरा तेव्हा शाळेत होती. सुट्टीच्या दिवशी बापलेक माझ्यापाशी बसत. तो नट सोडवायचा, ती रॉकेलमध्ये धुवायची. न मिळणारे भाग नूरुद्दीनभाई लेथवर करून द्यायचे. अशी वर्षं गेली आणि मी पुन्हा उभी राहिले. श्रीनाथनं हौसेनं माझी नंबरप्लेट घेतली, विमा काढला. अंतरा कॉलेजात गेली, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटरसायकल शिकली. तिचं लायसन्स आलं त्या दिवशी श्रीनाथनं पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी मला घराबाहेर काढायचं ठरवलं.

"दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये आपल्या एका क्लायंटचं नवं ऑफिस झालंय," तो म्हणाला. "त्यांना लॉबीत ठेवायला व्हिंटेज गाडी हवीय. मी हो म्हणालोय."

अंतराच्या हातातला पेढा तसाच राहिला. "व्हॉट? बाबा, दॅट्स नॉट फेअर! ती आपण दोघांनी मिळून उभी केलीय."

"अगं, तिथे एसीत राहील. लोक फोटो काढतील, रोज पुसतील. इथे धुळीत काय आहे?"

"आणि इंजिन?"

श्रीनाथनं पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. मग नूरुद्दीनभाईच बोलले, "इंजिन रिकामं करून, चौथऱ्याला वेल्डिंग करून बसवायची म्हणतात. फरशीवर तेलाचा थेंब चालणार नाही त्यांना."

मित्रांनो, पेंढा भरलेला वाघ पाहिलाय ना तुम्ही? डोळे काचेचे, गुरगुरणं कायमचं बंद. तेच माझं होणार होतं. चौथऱ्यावर एकदा वेल्ड केलं की पुन्हा रस्ता नाही.

"खरं सांग बाबा," अंतरा म्हणाली. "तुला मी चालवायला नकोय."

"नकोच आहे!" श्रीनाथचा आवाज चढला. "बाहेर ट्रेलर बघितलेस? त्यांना दुचाकी दिसते तरी का? तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? डोळ्याला डोळा लागत नाही माझा, तू ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागल्यापासून!"

"बेनेल्लींच्या आईनं सहा मुलांना गॅरेज काढून दिलं. तू एका मुलीसाठी शटर ओढतोयस."

"हो, आता मलाच इतिहास शिकव!" तो चिडला खरा, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून विरघळलाही. "बरं. दसऱ्याला पूजा झाल्यावर पिकअप येणार आहे. तेव्हा सगळ्यांदेखत तू एकटीनं ती सुरू केलीस आणि मला न घाबरवता गल्लीला फेरी मारून आलीस, तर राहील. नाही तर जाईल. यावर चर्चा नको."

त्या रात्री मी पक्कं ठरवलं, काय वाटेल ते होवो, दसऱ्याला दगा द्यायचा नाही.

दसऱ्याच्या सकाळी वर्कशॉप धुऊन पुसून लखलखीत केलं होतं. लेथला हळदकुंकू लागलं, वेल्डिंग मशीनवर फुलं ठेवली गेली. श्रीनाथ आदल्या दिवशी खास बर दुबईच्या फुलबाजारात जाऊन आला होता. त्यानं माझ्यासाठी झेंडूचा असा दांडगा हार आणला, की हँडलवर घातल्यावर दोन्ही बाजूंनी पार खाली लोंबला. मला निरोप द्यायचा म्हणून सगळं प्रेम त्यानं त्या हारात ओतलं होतं. पिकअपवालाही फाटकात येऊन थांबला.

अंतरा पुढे आली. पेट्रोलचा कॉक उघडला. हँडलवरची छोटी कळ दाबून तिनं सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडली, पिस्टन नीट जागेवर आणला आणि सगळं वजन टाकून किक मारली. मी तर वाटच बघत होते. धडाक्यात सुरू झाले! धब, धब, धब. नूरुद्दीनभाई ओरडले, "माशाल्ला!" श्रीनाथनं डोळे पुसले.

आणि तेवढ्यात घात झाला. माझ्या धडधडण्यानं हार झुलायला लागला. डावीकडचं टोक त्या उघड्या चक्राला लागलं आणि चक्रानं ते गपकन ओढून घेतलं. पाकळ्या चहूकडे उडाल्या. सगळे आधी हसलेच. पण हार ओवला होता नायलॉनच्या दोऱ्यात. दोरा चक्राभोवती आवळत चालला, हँडल डावीकडे खेचलं जाऊ लागलं, आणि श्रीनाथनं मागचापुढचा विचार न करता हार सोडवायला हात घातला. थेट फिरत्या चक्रापाशी!

मी बोंब मारली, पण माझी बोंब म्हणजे धब धबच. कुणाला कळणार?

"हात मागे घे!" अंतरा किंचाळली. एका हातानं तिनं तीच कळ दाबून माझा श्वास तोडला आणि दुसऱ्या हातानं बापाच्या मनगटावर असा फटका मारला, की तो दोन पावलं मागे गेला. चक्र जड, ते लगेच थांबत नाही. ते आणखी फिरलं, दोऱ्याचा उरलेला तुकडा कचकन तुटला, आणि मग कुठे थांबलं. श्रीनाथच्या मुठीत नुसत्या पाकळ्या होत्या.

फाटकातून पिकअपवाल्यानं विचारलं, "भाईजान, उठाऊँ क्या?"

श्रीनाथ एका ड्रमवर मटकन बसला. "अपशकुन झाला," तो पुटपुटला. "खलास. उचला तिला."

"श्रीनाथ, आधी बोटं मोज," नूरुद्दीनभाई म्हणाले. "पोरीनं वाचवलीयत ती. शकुन-अपशकुन मागाहून बघ."

श्रीनाथनं खरंच हाताकडे पाहिलं. पाची बोटं जागच्या जागी होती. मग त्यानं लेकीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. तिला अपघात होईल म्हणून झोप उडवून घेणारा तो, आणि आज सगळ्यांत मोठा वेडेपणा त्यानंच केला होता. डोकं शांत ठेवलं होतं तिनं. हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ उमटलं, की मला त्याची दया आली.

अंतरानं मात्र खाली बसून ब्लेडनं दोरा तुकड्यातुकड्यांनी काढला. चक्र हातानं फिरवून पाहिलं. उरलेला हार उतरवून देवाच्या फोटोला घातला. मग उभी राहिली आणि किक मारली. मी सुरू होईना. गरम झाले होते, पेट्रोल जास्त झालं होतं. पुन्हा किक. या वेळी किकनं उलटा झटका दिला आणि पोर पाय धरून खाली बसली. श्रीनाथ धावत आला.

"सरक, मी मारतो."

"नो, बाबा. मीच करणार." दात ओठ खाऊन ती उठली.

मीही म्हटलं, बाई गं, आता नाही तर कधीच नाही. तिनं थ्रॉटल पूर्ण उघडून साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं, पुन्हा पिस्टन जागेवर आणला, लंगडत्या पायानं किक मारली, आणि मी होतं नव्हतं ते बळ एकवटून पेटले. धब, धब, धब!

श्रीनाथनं पिकअपवाल्याकडे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी, हबीबी. गाड़ी नहीं जाएगी. चाय पी के जाओ." मग तो परत आला, वाकून माझी चेन तपासली, टायर दाबून पाहिले. लेकीच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला.

"ट्रेलरच्या मागे चिकटून राहू नको. त्याला आरशात दिसशील अशी राहा. आणि ओढणी-बिढणी काही नको."

"ओके, बाबा."

"यल्ला, निघ आता. माझा विचार बदलायच्या आत."

मित्रांनो, त्याच्या आवाजात भीती होतीच. ती अजूनही आहे. अंतरा मला घेऊन निघाली की आम्ही परत येईपर्यंत तो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. पण दर आठवड्याला माझं तेल बघतो, नट आवळतो आणि तिला माझ्यावर बसू देतो. तुमच्याही घरी एखादी जुनी सायकल असेल, घड्याळ असेल, शिलाई मशीन असेल. नाही तर बाहेर पडायला निघालेलं एखादं माणूस असेल. त्याची काळजी वाटते म्हणून त्याला चौथऱ्यावर बसवून फुलं वाहू नका. काळजी करत बसण्यापेक्षा काळजी घ्या. तेल घाला, पट्टा आवळा, चार गोष्टी समजावून सांगा, आणि मग स्वतःच्या हातानं फाटक उघडा.