सहाव्या चौकटीतली आई

मी एक जुना, पिवळा पडलेला चित्रकागद आहे. पण मित्रांनो, मला रद्दी समजू नका हं! आकाशात उडणारा वीर पोलादपंख माझ्याच अंगावर जन्माला आला.

ते १९४१ साल होते. न्यूयॉर्कमधल्या चित्रकथांच्या एका कचेरीत मेंडेल ग्लासर या तरुण चित्रकाराने माझ्यावर सहा चौकटी काढल्या. सहाव्या चौकटीत पोलादपंखाची आई शिवणयंत्रावर वाकून लेकाचे पंख शिवत होती. मेंडेलची आई कपड्यांच्या कारखान्यात राबायची. तिचाच तो चेहरा, आणि तीच ओठांत धरलेली टाचणी.

संपादक मला पाहून खो खो हसले. म्हणाले, "मेंडेल, आपल्याला वीर हवाय, आईचं बाळ नको. पंख आभाळातून पडू देत."

मेंडेलचा चेहरा उतरला. पोटाचा प्रश्न होता, ऐकावेच लागले. पांढरा रंग फासून आईला पुसणे सोपे होते, पण त्याचा हात धजेना. त्याने तुटत्या ताऱ्याचे चित्र काढून ते आईवर चिकटवले, तेही फक्त कडांना गोंद लावून. लाखो मुलांनी तो तारा पाहिला. मी अभिमानाने फुगलो खरा, पण ताऱ्याखालची आई कुणालाच दिसली नाही, याची बोच राहिली.

छापून झाले की आमची किंमत शून्य! माझे सोबती टराटरा फाडले गेले. मला गळक्या नळाखाली पसरले होते, तिथून मेंडेलने उचलून घरी नेले. घरी तरी काय मान मिळाला? त्याच्या बायकोने, फ्रीडाने, मला खणात अंथरून वर चमचे ठेवले. मेंडेल म्हातारा झाला, गेला. आईची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही.

त्याची नात नोरासुद्धा चित्रकार निघाली. पोलादपंखाची जन्मकथा आजच्या मुलांसाठी नव्याने काढायचे काम तिच्याकडे आले. आजोबांचे काही सापडते का म्हणून तिने घर धुंडाळले, तेव्हा मी हाती लागलो. ताऱ्याचा कोपरा सुटलेला पाहून ती चक्क गोंद घेऊन आली. माझ्या तोंडचे पाणी पळाले! आता आई कायमची गाडली जाणार होती. पण कोपरा दाबताना नोराला खाली ओठांत धरलेली टाचणी काढलेली दिसली. तिने सुरीच्या टोकाने हळूच तारा सोडवला. घरातल्या जुन्या फोटोत पाहिलेला पणजीचाच चेहरा समोर आला.

"पणजी, तू इथे होतीस होय?" एवढेच ती बोलली आणि तिथेच फरशीवर बसून रडली.

नव्या संपादक बाईंना मात्र ही गोष्ट साधीच वाटली. आजच्या मुलांना काहीतरी अद्भुत हवे, असे त्यांचे म्हणणे.

नोरा म्हणाली, "आईनं पंख शिवलेत म्हणून तर तो उडी मारायला धजतो. ताऱ्याच्या भरवशावर गच्चीवरून कोण उडी मारेल?"

बाईंनी मला जवळ ओढून शिवणयंत्रावर वाकलेली आई निरखली. मग म्हणाल्या, "माझी आई रुग्णालयात लाद्या पुसायची. काढ तू."

मित्रांनो, आता मी काचेमागे दिमाखात उभा आहे. जुना कागद फाडण्याआधी तो एकदा निरखून पाहा, एवढेच माझे मागणे. आणि वीराचे गुण गाताना त्याचे पंख शिवणारीला विसरू नका. ऐंशी वर्षे तिला साधे नावही नव्हते. नोराने नव्या पुस्तकात ते ठळक अक्षरांत लिहिले आहे, पणजीचेच नाव: गिटेल.