मानाचा लॉनमूव्हर

आमच्या घरात बोलाचाली बंद झाली ती गवतावरून. हसू नका. तुमच्या घरात कशावरून होते ते मी विचारलेलं नाही.

खराडीत आमची पिढीजात शेती होती. आता तिथं काचेच्या इमारती आहेत आणि आमचा विश्वजीत त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला जातो. त्याचे वडील जिथं कांदा लावायचे, बरोब्बर त्याच जागेवर तो एसीत बसून कुठल्याशा परदेशी बँकेची कामं करतो. जमीन गेल्यावर आम्ही पौडच्या पुढं थोडं रान घेतलं. सातबारा माझ्या नावावर आहे, कारण आमच्या ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही आणि भावकीला ते पक्कं ठाऊक आहे.

हे म्हणजे हिंमतराव. नाव हिंमतराव, पण घरात पाल दिसली की आधी पलंगावर चढतात. मी सत्यशीला. आयुष्यभर शाळेत चौथीच्या पोरांना शिकवलं, त्यामुळं माझा आवाज मोठा आहे. या वयात तो कमी करायचा माझा काही विचार नाही.

तर गोष्ट अशी, की भाद्रपदी पोळ्याला आमच्या गावठाणात मारुतीच्या देवळापुढून पहिला बैल आमच्या घरचा निघतो. हा आमचा मान. ह्यांच्या आज्यापासून चालत आलेला. ह्यांना लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, पण पोळ्याचा दिवस विचारा, झोपेत सांगतील. दोन वर्षांपूर्वी आमचा शेवटचा बैल पाखऱ्या म्हातारा होऊन गेला. पुढच्या पोळ्याला हे ताटात मातीचा बैल घेऊन मिरवणुकीच्या पुढं चालले. पोरं मोबाइल काढून हसत होती आणि हे मान खाली घालून चालत होते. घरी येऊन ते पुरणपोळीला शिवलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही, यावरून काय ते समजा.

मग भावकी बसली. ह्यांचा चुलतभाऊ रंगराव म्हणाला, "मातीचा बैल म्हंजे काय मान झाला का? पुढच्या वर्षी मी ट्रॅक्टर आणतो. मान माझ्याकडं द्या."

निवाडा सोजरआत्यांनी केला. सोजरबाई म्हणजे ह्यांची आत्या, गावातली सगळ्यांत थोरली बाई. पोळ्याला बैलांचे पाय त्याच धुतात. त्या म्हणाल्या, "बैल असू द्या न्हाईतर यंत्र. धन्याच्या रानात जे राबलंय, त्याचंच पाऊल पहिलं. हिंमता, तुझ्याकडं तसलं कायबी नसलं तर मान रंग्याचा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय. ट्रॅक्टर.

"छोटा घेऊ," हे म्हणाले. "मिनी ट्रॅक्टर. झूल घातली की कसा दिसंल!"

"अहो, पण रानात तो करणार काय?"

"नांगरणी."

"कशाची? वर वीतभर माती, खाली कातळ."

"मेथी लावू."

"कातळावर?"

"लावू की."

आमची सून राजनंदिनी आयटीतली. तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आप्पा, मी दोन्ही कम्पेअर केलंय. ट्रॅक्टर आणि राइड-ऑन लॉनमूव्हर. म्हणजे वर बसून चालवायची गवत कापायची गाडी. आपलं नव्वद टक्के काम गवत कापायचं आहे."

"आन् उरलेलं?"

"उरलेलं पण गवतच आहे, आप्पा. फक्त झाडाखालचं."

तिचं खरं होतं. पावसाळ्यात त्या रानात गुडघाभर गवत माजायचं आणि सापाच्या भीतीनं आंब्याच्या कलमांपर्यंत जाता यायचं नाही. ते गवत दर रविवारी कोण कापायचं? मी. विळ्यानं. हे बांधावर बसून "इकडचं राहिलं गं" एवढं मात्र न चुकता सांगायचे.

शेवटी दुकानातला सलिल नावाचा मुलगा दोन्ही गाड्या टेम्पोत घालून थेट रानात आला. म्हणाला, "काका, मॅडम, आधी चालवून बघा, मग ठरवा."

ह्यांनी लॉनमूव्हरकडं पाहिलंसुद्धा नाही. टोपी नीट केली आणि ट्रॅक्टरवर चढले. आता एक सांगते. आमच्या ह्यांनी जन्मभर बैल हाकले. ट्रॅक्टर लागला की गावातला भाड्यानं बोलवायचा आणि आपण बांधावर उभं राहायचं. सलिलनं क्लच, ब्रेक, गिअर सगळं दाखवलं. हे "व्हय व्हय" करत राहिले. ट्रॅक्टर निघाला. झोकात निघाला. समोर माझी केशरची कलमं आली तशी सलिल ओरडला, "काका, ब्रेक!"

आणि ह्यांनी काय करावं? पाय तसाच ठेवून स्टिअरिंग दोन्ही हातांनी कासऱ्यासारखं मागं ओढलं आणि ओरडले, "होऽऽ! हो रं, हो रं राजा! होऽऽ!"

ट्रॅक्टर काही राजा नव्हता. तो एका कलमावरून गेला, दुसऱ्यावरून गेला. हे जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् करत त्याला चुचकारत होते आणि तो तिसऱ्यावरून गेला. शेवटी विश्वजीतनं पळत जाऊन चावी बंद केली.

"खाली उतरा," मी म्हटलं. चौथीच्या वर्गात हा आवाज काढला की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा.

"ऐकलंच न्हाई त्यानं," हे म्हणाले.

मी मोडलेली कलमं उचलली. पोटच्या पोरांसारखी जपलेली कलमं! माझे डोळे भरून आले आणि रागही असा आला, की मी पदर खोचला आणि तडक त्या लॉनमूव्हरवर जाऊन बसले. सलिलनं दाखवलं तसं पातं वर उचलून पहिला फेरा मारला, मग पातं खाली करून दुसरा. गाडी कलमांना वळसे घालत अशी निघाली की विचारू नका. मागं हिरवागार पट्टा आणि ताज्या गवताचा वास. माझे गुडघे दुखले नाहीत, कंबर दुखली नाही. मला हसूच यायला लागलं.

"ही ठेवून घ्यायची," मी म्हटलं. "ट्रॅक्टर परत."

हे एवढंच म्हणाले, "म्हंजे मान गेला."

"अहो, ही गाडीही रानात राबणारच की."

"गवत कापनं ह्याला काय राबनं म्हंत्यात व्हय?"

बास. इतकी वर्षं विळ्यानं मी काय करत होते मग, आरती? मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवसापासून तेही बोलेनात. जेवायला वाढलं की विश्वजीतला सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ कमी हाय." मी शेजारीच बसलेली असायचे.

पावसाळाभर दर रविवारी मी रानात जाऊन गवत कापत होते. विश्वजीत पुढं चालत दगड वेचायचा, मागून मी. हे बांधावर पाठ करून बसायचे. त्या गाडीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. नाव काय ठेवलं होतं? रांगणारं.

पोळा आला. आदल्या दिवशी ह्यांनी जाहीर केलं, "उद्या मी गावठाणात येणार न्हाई. रंगरावचा मान डोळ्यांनी बघवणार न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. माझा राग होता तसाच होता, पण तो माणूस भिंतीकडं तोंड करून झोपलेला मला बघवेना. मी विश्वजीतला टेम्पो घेऊन पौडला पिटाळलं. रानातून होता तसाच, न धुता न पुसता लॉनमूव्हर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. पाखऱ्याची झूल मी कपाटातून काढली. शिंगांच्या पितळी शेंब्या चिंचेनं घासल्या आणि पुढच्या दिव्यांवर तारेनं बांधल्या. राजनंदिनीनं घुंगरमाळ ओवली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, इसका भी बर्थडे होता है क्या?"

सांजेला खाली गेले तर हे पार्किंगमध्ये उभे. हातात वाटी, वाटीत हळद आणि तूप. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळायचे असतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला असतो ना, म्हणून. हे लॉनमूव्हरभोवती एक चक्कर मारून आले, मग दुसरी मारली. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्याला खांदा कुठं हाय?"

कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"चाकावरच्या पत्र्याला लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावलं. दोन्ही बाजूंना, अगदी हळू हातानं. मला भरून आलं, पण मी दाखवलं नाही. फुकट शेफारले असते.

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं ही गर्दी! रंगरावचा भलामोठा नवाकोरा ट्रॅक्टर, डीजे, फेटेवाली पोरं आणि त्याच्याच हसऱ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स, "मानाचा पहिला ट्रॅक्टर". निकाल लागायच्या आधीच पठ्ठ्यानं छापून आणलेला. आमचं वाहन टेम्पोतून उतरलं तशी सगळी आळी हसून लोटपोट झाली.

"वहिनी, नातवाची गाडी आणली व्हय?" रंगराव म्हणाला.

ह्यांचे कान लाल झाले. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. मान गेला तर आज इथंच, सगळ्यांदेखत जाणार होता.

सोजरआत्या तांब्या घेऊन पुढं आल्या. डीजे बंद करायला लावला. आधी रंगरावच्या ट्रॅक्टरपाशी गेल्या, वाकल्या आणि चाकावर पाणी ओतलं. पाणी जसं तांब्यातून पडलं तसंच खाली आलं. स्वच्छ. आत्यांनी चाकाचा वास घेतला. "रंग्या, ह्याला अजून दुकानाचा वास येतोय."

"आत्या, वर्षभर घरी हाय की!"

"घरी न्हवं. रानात कवा गेला?"

रंगराव डीजेवाल्याकडं बघायला लागला. त्याला तरी काय माहीत?

मग आत्या आमच्याकडं आल्या. चाकावर पाणी ओतलं. आणि काय सांगू! पाणी हिरवंगार होऊन खाली आलं. गवताच्या काड्या, कुसळं, पौडची तांबडी माती, एक चिरडलेली गोगलगाय. आत्या पाणी ओतत राहिल्या आणि ते हिरवंच येत राहिलं.

"हे राबलंय," आत्या म्हणाल्या. "पाऊल ह्याचं पहिलं. हिंमता, बस वर."

माझ्या जिवात जीव आला. हे पुढं झाले. एक पाय वर टाकला आणि तसेच थांबले.

"बस की. तूच हाकतोस न्हवं?"

आता नुसतं व्हय म्हणायचं होतं. वर्षभर ज्यासाठी जेवण गोड लागलं नव्हतं, ते सगळं समोर होतं. रंगराव बघत होता, गाव बघत होतं. ह्यांनी पाय खाली घेतला.

"न्हाई आत्या," ते म्हणाले. "मी बोटबी लावलं न्हाई. हिनं राबवलंय. आन् त्याच्या आधी विळ्यानं हीच राबायची. मी बांधावर बसायचो."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "मग तिला बसव. तू कासरा धर."

आणि मी बसले. नऊवारी, नाकात नथ, खाली पाखऱ्याची झूल. ह्यांनी लॉनमूव्हरच्या पुढच्या दांडीला कासरा बांधला आणि टोपी नीट करून पुढं चालू लागले. मिरवणूक निघाली. मध्येच वळून ते मला म्हणाले, "हळू गं. अंगावर घालशील." मी म्हटलं, "होऽऽ म्हणा, थांबते की नाही बघा." इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

रंगरावच्या पोरांनी फ्लेक्स घाईघाईनं उतरवून रस्त्याच्या कडेला टाकला होता. देवळाला वळसा घालताना आमची गाडी त्याच्यावरून गेली आणि नेमका माझा हात पात्याच्या दांड्याला लागला. खर्रर्र झालं. रस्त्यावरची झेंडूची फुलं आणि रंगरावचं हसू बारीक बारीक होऊन गवत फेकायच्या बाजूच्या तोंडातून उडालं, ते थेट त्याच्याच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी मुद्दाम केलं नाही. कुणीही विचारलं तर मी हेच सांगते.

पुढच्या रविवारी रानात पोचल्याबरोबर हे बांधाकडं गेले नाहीत. पातं चालवायच्या आधी दगड वेचावे लागतात ना, ते त्यांनी मुकाट्यानं वेचायला घेतले. मी गाडी चालू केली आणि म्हटलं, "अहो, इकडचं राहिलं!"