अर्धविरामाचे दोन ठोके

म्यूरिएल लार्टरचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. तिने एवढंच विचारलं होतं: बहिणीचं पुस्तक छापखाना म्हणतो तसं छापू द्यावं की नाही. सोबत प्रुफं होती. ते पाकीट मी या टेबलावरून त्या टेबलावर हलवत राहिलो. माझ्या मताला कोण विचारतो, असं मला आयुष्यभर वाटत आलं. आणि इथे तर कोणीतरी खरोखरच विचारलं होतं.

तिची बहीण ईनिड नॉरिचच्या छापखान्यात माझ्यासमोर बसायची. मी मुद्रितशोधक. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, मी प्रुफावर नजर ठेवायचो. विरामचिन्हं ती बोलून दाखवत नसे, पेन्सिलीने टेबलावर ठोकायची: स्वल्पविरामाला एक ठोका, अर्धविरामाला दोन, अपूर्णविरामाला तीन. लहानपणापासून तिची छाती अधू होती. लांब वाक्यात एका ठोक्यावर ती थांबत नसे. श्वास घ्यायची तो दोनवर किंवा तीनवर. लिहायचीही तशीच. दलदलीतल्या पवनचक्क्यांवरचं तिचं पुस्तक अशाच वाक्यांचं होतं: 'चक्की थांबली; पाणी थांबलं नाही.' दोन्हीकडे पूर्ण वाक्य, आणि एकाला दुसऱ्याचा आधार.

ईनिड वारल्यावर पुस्तक नव्या संपादकाच्या हाती गेलं. त्याला अर्धविराम, अपूर्णविराम जुनाट वाटले. त्याने सगळीकडे स्वल्पविराम घातले.

एप्रिलमध्ये एका दुपारी म्यूरिएल स्वतःच आली.

"जिवंत आहात तर, मिस्टर गूच," ती दारातूनच म्हणाली. "ईनिड म्हणायची, हा माणूस पावसात भिजत उभा राहील, पण आत येऊ का म्हणून विचारणार नाही."

"मी लिहिणारच होतो."

"हो, माझ्या मयताला. चहा टाका. मी वाचते, तुम्ही बघा, आणि एकदाचं काय ते सांगा."

ती खिडकीपाशी बसली आणि दोन्ही हातांत पानं धरून संपादकाची प्रत वाचू लागली. पहिल्या स्वल्पविरामाला टेबलावर एक ठोका पडला.

"ठोकू नका हो, माझं लक्ष उडतं."

माझे हात मांडीवर होते.

पुढच्या पानावर एक वाक्य जवळजवळ अर्ध्या पानाचं होतं. एक ठोका. एक ठोका. पुन्हा एकच. तिचा आवाज बारीक होत गेला, आणि मग तो तिचा राहिला नाही. छातीतून शीळ घालणारा तो आवाज मी कुठेही ओळखला असता. म्यूरिएलचे ओठ निळसर पडले. डोळे माझ्यावर रोखलेले, आणि तोंड वाचतच होतं. तिला थांबता येत नव्हतं.

पाणी आणावं असं वाटलं. मग वाटलं, शेजारी हाक मारावी. नेहमीसारखा मी ठरवत बसलो. शेवटी पेन्सिल उचलली आणि ईनिडने जिथे अर्धविराम दिला असता तिथे टेबलावर दोनदा ठोकलं.

श्वास आत गेला. दोन माणसांचा, एकदम.

वाक्य संपेपर्यंत मी ठोकत गेलो. दोन, दोन, एका जागी तीन. मग म्यूरिएलने कागद खाली ठेवले आणि कोट चढवला. बटणं वरखाली लागली होती.

"काय ते लिहून कळवा," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "मी या खोलीत परत येणार नाही."

ती गेल्यावर मी सगळी प्रुफं घेऊन बसलो आणि ईनिडची चिन्हं जागच्या जागी परत घालत गेलो. एके ठिकाणी अडलो. दोन वाक्यं सारख्या तोलाची, की पहिलं दुसऱ्याची वर्दी देतंय? पेन्सिल टेकवून थांबलो. समोरून तीन ठोके आले. मी तसं केलं.

मग लिहिलं: 'प्रिय मिस लार्टर, आता दुरुस्त केलं आहे तसंच छापायला सांगा; एकही चिन्ह काढू देऊ नका.' पत्र प्रुफांसोबत घालून पाकीट चिकटवताना समोरच्या खुर्चीकडे पाहायचा मला धीर झाला नाही. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेलो, आणि आपलं मत चुकलं तर नाही ना, असं मनात यायच्या आधी पाकीट आत सोडून दिलं.