झंझावाताच्या आईचा मृत्यू

मावशी महिनाभर घरात मरत होती. दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दारात, एकदा तर गॅसवर दूध ठेवून. काकांना इतकी सवय झाली होती की सकाळी ते तिला ओलांडून जायचे, पेपर घ्यायचे आणि परत येताना विचारायचे, "चहा तू करतेस की मी करू?"

"मी मेलेय," मावशी डोळे मिटूनच सांगायची.

मग काका चहा करायचे.

तीस वर्षं नाटक-मालिकांत काढलेल्या बाईच्या वाट्याला काय काय येतं, याचा नमुना म्हणजे मावशी. शेजारीण, परिचारिका, वसतिगृहाची वॉर्डन, आणि एका मालिकेत लग्नाच्या गर्दीतली "आणखी एक बाई". चेहरा असा की तो पाहिल्यावर लोकांना आपलीच कुणीतरी आत्या आठवे. मावशीची आठवण मात्र राहत नसे. अशा बाईला 'झंझावात' या महामालिकेत नायकाची आई मिळाली होती. नायक हात वर करतो आणि वारा सुटतो, ही त्याची शक्ती. पहिल्याच भागात ती शक्ती त्याच्या हाताबाहेर जाते, इमारतीवरची पाण्याची टाकी कोसळते आणि आई त्याच्या मांडीवर प्राण सोडते. तिथून तो जगाला वाचवायला निघतो. आईला वाचवता न आलेल्या माणसाने जगाची जबाबदारी अंगावर घ्यावी, असा या मालिकांचा रिवाजच आहे.

प्रसंग चार पानांचा होता. मावशीने आयुष्यात आजवर केलेली सगळी कामं एकत्र शिवली असती तरी चार पानं भरली नसती. महिनाभराच्या घरच्या तालमीनंतर चित्रीकरणाच्या दिवशी ती सकाळपासून खडीवर पडून होती. कोपर सोलवटलं, पाठीत उसण भरली, आणि घरी आली ती लग्न ठरल्यासारखी.

तिचा भाचा नोकरीला होता तो धंदा नातेवाइकांना समजावून सांगणं अवघड होतं, म्हणून तो "जाहिरातीत आहे" असं सांगायचा. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि तिथे बसून दहा-बारा माणसं प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लिहायची. कार्यक्रम दिसायच्या आधी. प्रेक्षकांच्या भरवशावर राहिलं तर ते वेळेवर काही लिहीत नाहीत, लिहिलं तर भलतंच लिहितात, असा साहेबांचा अनुभव होता. म्हणून निर्मात्यांकडून संहिता मागवायची, ती वाचून भारावून जायचं, आणि तो भार निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या वयांत, निरनिराळ्या गावांत वाटून द्यायचा. प्रत्येकाकडे आपापली माणसं होती. भाच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, दोन मुलांची आई होती, बंदरावरचा एक हिशेबनीस होता. मुख्याध्यापक त्याचे लाडके. त्यांच्याकडून तो फार सुरेख लिहून घ्यायचा. कार्यक्रम सुरू झाला की ठरल्या वेळी सगळ्यांचे उमाळे आपोआप इंटरनेटवर बाहेर पडायचे. तोवर लिहिणारी माणसं घरी जेवत असत.

'झंझावात'चं काम आलं तेव्हा भाच्याने आईच्या मृत्यूचा प्रसंग मागून घेतला. कुणाला का ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी पहिला भाग होता. मावशीच्या घरी खुर्च्या कमी पडतील म्हणून काकांनी आतला पलंगच बाहेर ओढला होता. प्रत्यक्षात आले दोघंच: भाचा, आणि काकांची बहीण, म्हणजे मावशीची नणंद. तिने आल्या आल्या केकचा तुकडा घेतला आणि म्हणाली, "वहिनी, मरायचं किती वाजता आहे? मला एकच्या आत निघायचंय."

"मध्यंतराच्या आधी," मावशी म्हणाली. तिने केस धुतले होते. टीव्ही पाहायला केस धुवून बसलेली बाई कुणी पाहिली नसेल, तर ती त्या दिवशी मावशीच्या घरात होती.

भाग सुरू झाला. वारा सुटला, पडदे उडाले, नायकाचे केस उडाले आणि परत होते तसे बसले. मग एक स्वयंपाकघर दिसलं. ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. नायक दाराबाहेर पडताना ती म्हणाली, "अरे, गाडीची किल्ली!"

"मी!" मावशी म्हणाली.

"तू?" नणंद म्हणाली.

"हो, ही सुरुवात. पुढे आहे."

पुढे टाकी कोसळली. धुरळा उडाला. धुरळ्यातून नायक रांगत आला, त्याने आक्रोश केला, आणि ढिगाऱ्यातून बाहेर काढून छातीशी धरली ती त्याची मोटरसायकल. निदान तिचा पुढचा भाग. हँडलवर कपाळ टेकून त्याने शपथ घेतली की यापुढे या शहरात कुणाचंही काही मोडू देणार नाही. लगेच मध्यंतर झालं, आणि त्यात पहिली जाहिरात त्याच मोटरसायकलची होती.

काकांनी रिमोट हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

"मध्यंतरानंतर असेल," ते म्हणाले.

मध्यंतरानंतर नायकाने दोन गुंड आणि एक हेलिकॉप्टर उडवलं. आईचं नाव कुणी काढलं नाही. शेवटची पाटी सरकली, तीत वारा पुरवणाऱ्या पंख्यांच्या कंपनीचे आभार होते. मावशीचं नाव इतकं भरभर गेलं, की ते होतं असं तीच म्हणाली.

नणंदेने केकचा चुरा तळहातावर गोळा केला. "पण वहिनी, पाठमोरी अगदी ओळखू आलीस हो. आवाजही तुझाच. किल्लीचं छान म्हणालीस."

"राहू दे ना आता," भाचा नणंदेला म्हणाला. त्याला आत्ताच एक गोष्ट आठवली होती आणि तो घड्याळाकडे बघत होता.

तेवढ्यात काकांचा फोन टिणटिणला. मग परत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"अगं ए, हे बघ काय! 'आईच्या मृत्यूचा प्रसंग पाहून हुंदका आवरला नाही. दोन मुलांची आई म्हणून सांगते...'" काका थांबले. "कुठला प्रसंग?"

"अजून आहे," नणंद स्वतःच्या फोनवरून म्हणाली. "'आई करणाऱ्या अभिनेत्रीला मानाचा मुजरा.' हा कुणी बंदरावरचा हिशेबनीस आहे."

भाच्याने बाल्कनीत जाऊन साहेबांना फोन लावला. साहेबांचा लागत नव्हता. परत आत आला तेव्हा पाऊणशे उमाळे येऊन पडले होते आणि काका ते बातम्या वाचाव्यात तसे उभे राहून वाचत होते. त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्याखाली अनोळखी माणसं लिहू लागली होती. "मीही रडलो." "आमच्या घरात सगळेच रडले." "माझी आई गेली तो दिवस आठवला." प्रसंग नव्हताच, असं एकानेही लिहिलं नव्हतं. एवढे लोक रडलेले असताना आपल्याला काही दिसलं नाही, असं कबूल कोण करणार?

"मग आपल्याला कसा नाही दिसला?" नणंदेने विचारलं.

"आपलं कनेक्शन जुनं आहे," काका म्हणाले. "मधे मधे खातं."

"चार पानं खातं?"

"तू तेव्हा केक घेत होतीस. धुरळ्यानंतर एकदम झालं ते. मी पाहिलं थोडं."

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत काका तिच्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोलत होते, तेही चक्क तिच्या तोंडावर. नणंदही मागे राहणाऱ्यांतली नव्हती. पाच मिनिटं वाचल्यावर ती म्हणाली, "हां हां, मान टाकलीस तेव्हा. मला वाटलं ती दुसरीच कुणी."

मावशीने काकांच्या हातून फोन घेतला. ती हळू वाचणारी बाई. ओठ हलवत वाचायची. निवृत्त मुख्याध्यापकांपाशी आली आणि तिचे ओठ थांबले. मग ती उठली, भाच्याला म्हणाली, "जरा आत ये. बरणीचं झाकण निघत नाही."

स्वयंपाकघरात कुठलीही बरणी काढलेली नव्हती.

"हे वाच," ती म्हणाली.

"वाचलंय मावशी."

"मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. "'प्राण जात असताना ती माउली मुलाच्या शर्टाचं उघडं बटण लावू पाहते. अर्धंच लागतं, आणि हात खाली येतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गात कधी रडलो नाही. आज रडलो.'"

"बटण संहितेत नव्हतं," मावशी म्हणाली. "मला ऐन वेळी सुचलं. दिग्दर्शकालाही दिसलं नाही, कॅमेरा त्याच्या तोंडावर होता. घरी आल्यावर मी फोन करून एकट्या तुला सांगितलं. काकांनासुद्धा नाही."

भाच्याने फोन तिच्या हातात परत दिला.

"मुख्याध्यापक तूच का?"

"हो."

"आणि दोन मुलांची ती?"

"तीही मीच."

"आणि हा कोण, लगेच आईला फोन केला म्हणणारा?"

"तो आमच्या ऑफिसातला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो."

"केला का मग त्याने फोन?"

"त्याची आई नाहीये, मावशी."

मावशीने नळ सोडला आणि पेला धुतला, तो स्वच्छच होता. "खरं कुणी आहे का यात?"

"नंतरचे. मीही रडलो म्हणणारे. ते खरे आहेत."

"पण त्यांनी पाहिलेलं नाही."

"नाही. आम्हाला संहिता येते, ती वाचून लिहितो. नंतर कापलं तर कळवायला हवं होतं त्यांनी. मोटरसायकलवाले शेवटच्या आठवड्यात आले असतील. मी आता सगळं काढून टाकायला सांगतो..."

बाहेर बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गुच्छ घेऊन आल्या होत्या. त्यांनी मावशीला मिठीच मारली. "काय मेलात हो तुम्ही! आमच्याकडे सगळे सुन्न. आणि ते बटण! मला तर बाई बघवेना."

मावशीचा हात अर्ध्यावर थांबला. भाच्याला वाटलं, आता सांगते. पण मावशी अदबीने हसली, मान किंचित कलती केली आणि म्हणाली, "ते मला तिथेच सुचलं. दिग्दर्शक नकोच म्हणत होते."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दिग्दर्शक तो दिग्दर्शकच. काका पाण्याच्या तांब्यात गुच्छ खोचू लागले. पाठोपाठ वरच्या मजल्यावरचं एक जोडपं येऊन गेलं. मावशीने त्यांना खडीचं सांगितलं, कोपराची खूण दाखवली. ती खूण तेवढी खरी होती, आणि त्या जोडप्याने तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांचा फोन आला तो भाच्याने बाल्कनीत घेतला.

"आईचं कुणी लिहिलं रे? तू?"

"साहेब, आई त्यात नाहीच आहे. कापलीय. मी काढायला..."

"काढतोस काय? वेड लागलंय? मोटरसायकलपेक्षा आई पुढे आहे! निर्माते आत्ता माझ्याशी बोलले. पुढच्या भागात आठवण म्हणून टाकताहेत प्रसंग. अख्खा. हात धुवून बस लिहायला."

भाचा आत धावला ते जवळजवळ ओरडतच. पण मावशीचाही फोन वाजत होता आणि काकांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलावर ठेवला होता. पलीकडे निर्मितीतली मुलगी होती.

"मॅडम, अभिनंदन! काय रिस्पॉन्स आहे! आईचा सीन आपण घेतोय."

काकांनी मूठ आवळून हवेत उडवली. नणंद म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती असं काहीच म्हणाली नव्हती.

"मग लावा ना," मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "केलेला आहे ना आपण."

"तेच मॅडम. आता इतकी चर्चा झालीय तर चॅनेलचं म्हणणं, आई जरा नावाजलेली हवी. मोठ्या बाई तयार झाल्यात. बुधवारी शूट आहे. त्यांना वेळ कमी आहे, तर तुम्ही येऊन जरा दाखवाल का, तुम्ही कसं केलं होतं? ते बटणाचं वगैरे. आमच्याकडे कुणाला आठवत नाहीये."

काकांची मूठ अजून वरच होती. ती खाली कशी आणावी हे त्यांना कळेना.

"गाडी पाठवाल?" मावशीने विचारलं.

"पाठवतो ना मॅडम."

"मग येते."

फोन बंद झाल्यावर नणंदेने पर्स उचलली. एक वाजायला अवकाश होता, तरी तिला उशीर झाला. काका तांब्यातली फुलं काढून परत नीट लावत बसले. मावशी पलंगावर भाच्याशेजारी येऊन टेकली.

"बुधवारच्या बाईबद्दलही तूच लिहिणार ना?"

"सांगितलंय तसं."

"मग एक लिही. तुझ्या मुख्याध्यापकांकडून. म्हणावं, पहिल्या आईची सर नाही." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "एकच ओळ. बाकी हवं ते लिही तिच्याबद्दल."

भाच्याने तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. "मावशी, तसं चालत नाही गं. नटांबद्दल चांगलंच लिहायचं असतं. करारच तसा असतो. कुणी कसंही केलेलं असो."

"कसंही?"

"हो."

मावशीने हात काढून घेतला. तिने टीव्हीच्या बंद पडद्याकडे पाहिलं. त्यात पलंग दिसत होता, काका दिसत होते, आणि एक बाई दिसत होती.

"म्हणजे माझं कसं झालं होतं," ती म्हणाली, "ते काही तुला माहीत नाही."

बेल वाजली. काका जागचे हलले नाहीत. मावशीने उठून केसांवरून हात फिरवला, चेहरा सरळ केला आणि दार उघडायला गेली.